थांब्यामागची सावली: रोजच्या सुखाच्या दृष्टीने जागा आणि वस्तू घडवण्याची रीत

आमच्या तालुक्यातल्या एका फाट्यावर बसथांबा आहे. तीन बाजूंनी सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, आत लोखंडी पट्ट्यांचा बाक आणि दर्शनी पट्टीवर ज्यांच्या निधीतून तो उभा राहिला त्यांचे नाव. रस्ता पश्चिमेला असल्यामुळे थांब्याचे तोंडही पश्चिमेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारच्या सुमारास तिथे गेल्यास आत कोणी दिसत नाही. माणसे थांब्याच्या मागे, पूर्वेकडे, भिंतीला पाठ टेकवून उकिडवी बसलेली असतात आणि गाडीचा आवाज आला की पिशव्या सावरत पुढे धावतात. आतल्या बाकावर हात ठेवला तर चटका बसतो.

कारण साध्या हिशेबाचे आहे. मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपास उतरलेला असतो. आठ फूट उंच छपराची सावली अशा वेळी साडेनऊ-दहा फूट पूर्वेला सरकते, आणि थांबा आत जेमतेम पाच फूट खोल आहे. त्यामुळे समोरून शिरलेले ऊन बाक व्यापून मागच्या भिंतीवर चार फुटांपर्यंत चढते आणि सावली भिंतीपलीकडे जाऊन पडते. बांधणाऱ्याने लांबी-रुंदी, लोखंड आणि सिमेंट यांचा हिशेब केला होता. चार वाजताच्या उन्हाचा तेवढा राहून गेला.

सुखासाठी रचना करणे म्हटले की बगिचा, कारंजे, रंगवलेल्या भिंती किंवा ‘आय लव्ह’ लिहिलेली मोठी अक्षरे डोळ्यांपुढे येतात. माझा अनुभव असा आहे की माणसाचे रोजचे सुख त्याहून फार लहान गोष्टींवर अवलंबून असते: घागर उचलताना कमरेत कळ येते का, सावलीत पाठ टेकता येते का, रात्री पायाखालची पायरी दिसते का. यांतला एकेक त्रास किरकोळ असतो, पण तो दिवसातून चार वेळा आणि वर्षातून तीनशे दिवस होतो. पुढची रीत ग्रामपंचायतीचे सदस्य, शाळेचे शिक्षक, दुकानदार आणि घर बांधायला काढलेली माणसे या सर्वांना उपयोगी पडावी, अशा बेताने लिहिली आहे.

आधी आठ दिवस नुसते पाहणे

एकच जागा निवडावी. सारे गाव एकदम सुखी करायला निघालेल्या योजनेत शेवटी कमानीशिवाय काही उभे राहत नाही. पार, पाण्याची टाकी, शाळेचे फाटक, दवाखान्याचा व्हरांडा किंवा स्वतःचे स्वयंपाकघर यांपैकी एक जागा घ्यावी आणि एक वही करावी. सकाळी सात, अकरा, दुपारी चार आणि रात्री आठ अशा चार वेळी तिथे दहा-दहा मिनिटे थांबून कोण बसले आहे, कोण उभे आहे, कोण येऊन लगेच निघून गेले आणि कोणी स्वतःबरोबर काय आणले आहे, एवढेच लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत बोलका असतो. कोणी पोते आणून अंथरत असेल, कोणी दगड सरकवून त्यावर बसत असेल, किंवा कोणी टाकीच्या नळाला चिंधी बांधली असेल, तर रचनेत काय कमी आहे ते त्या माणसाने आधीच दाखवून दिलेले असते.

माणसे नसताना त्यांच्या खुणा पाहाव्यात. शाळेच्या कुंपणाला पडलेले भगदाड म्हणजे फाटक चुकीच्या बाजूला असल्याची तक्रार होय. भिंतीवर साडेतीन फुटांच्या उंचीवर तेलाचा गोल डाग असेल, तर तिथे रोज कोणीतरी जमिनीहून थोडे उंच बसून डोके टेकते आणि ती जागा त्याला आवडते, असे समजावे. शहरी जागांचे अभ्यासक विल्यम व्हाईट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या इमारतींपुढच्या चौकांचे महिनोन्महिने चित्रण करून जे निष्कर्ष काढले, त्यांतला सर्वांत उपयोगी निष्कर्ष हसू येईल इतका साधा आहे: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. चौक किती देखणा आहे, याचा त्याच्याशी फारसा संबंध आढळला नाही.

आपल्याकडे निरीक्षणाचा महिना जपून निवडावा लागतो. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत वही भरली तर गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच दिसतील आणि त्यावरून काढलेला अंदाज चुकेल. बाजाराचा दिवस वेगळा लिहावा, कारण त्या दिवशी पार पारासारखा वागत नाही.

आठ दिवसांनी वही वाचताना कोण आले नाही, हेही पाहावे. बहुतेक पारांच्या नोंदीत बाई सापडत नाही. त्यावरून ‘बायकांना बसायला वेळ नसतो’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच बाया शेजारणीच्या ओट्यावर तूर निवडत तासभर बसलेल्या आढळतात.

विचारावे कसे

ग्रामसभेत ‘तुम्हाला काय पाहिजे?’ असे विचारले की सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट ही तीन उत्तरे येतात, कारण शेजारच्या गावात तीच झालेली असतात. त्याऐवजी कालच्या दिवसाविषयी विचारावे. काल पाणी कितीला आले, भरायला कोण गेले, घागर कुठे टेकवली, मावशी, तुम्ही मध्ये कुठे थांबलात, असे प्रश्न विचारले की माणूस इच्छा सांगण्याऐवजी घडलेले सांगतो, आणि त्यातून कामाचे काहीतरी हाती लागते. बायकांशी बोलायचे तर त्यांना चावडीवर बोलावू नये. त्या असतील तिथे, पाण्याच्या रांगेत किंवा निंदणीच्या बांधावर, शक्यतो बाईनेच जाऊन बोलावे. मुलांना चित्र काढायला सांगावे आणि चित्रात काय मोठे काढले आहे ते पाहावे.

ऊन: मराठवाड्यातला पहिला प्रश्न

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही थट्टेने म्हणतो, पण ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नित्याचे आहे, तिथे सुखाची निम्मी रचना सावलीची असते. सावलीमुळे हवा फारशी थंड होत नाही. अंगावर थेट पडणारे ऊन थांबते आणि शरीराला फरक पडतो तो त्याने. त्यामुळे सावली जागेला असून चालत नाही, ती ठरावीक वेळी माणसावर पडावी लागते.

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एक सहा फुटी काठी जागेच्या मधोमध रोवावी आणि दर दोन तासांनी तिच्या सावलीच्या टोकाला चुन्याची खूण करावी. हे काम मेमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा करावे. मेच्या मध्याला लातूरकडे आणि त्यानंतर आठवडाभरात संभाजीनगरकडे सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली बुडाशी नाहीशी होते. तिथून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही फूटभर सज्जा लागतो. डिसेंबरात दुपारी तो दक्षिणेकडे बराच कलतो आणि ते ऊन हवेहवेसे असते. खरा शत्रू पश्चिमेचे, तीन ते सहाचे ऊन होय. ते तिरपे येत असल्यामुळे आडव्या छपराला दाद देत नाही; त्याला उभा आडोसा लागतो, म्हणजे भिंत, जाळी, वेल, ताटी किंवा झाड.

झाड निवडताना फुलांकडे पाहू नये. गुलमोहर दिसायला देखणा, पण मार्च-एप्रिलमध्ये, सावली हवी तेव्हा, तो बहुधा बोडका असतो आणि वादळात त्याच्या फांद्या मोडतात. कडुलिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळून उन्हाळा तापायच्या आत नवी पालवी धरतो, आणि करंजाची सावली तर ऐन मेमध्ये सर्वांत दाट असते. वड-पिंपळ मोकळ्या पारासाठी ठीक. भिंतीजवळ लावले तर पुढची पिढी आपल्याला शिव्या देईल. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला रोप लावावे, बुडाशी एक मडके बारीक छिद्र पाडून गळ्यापर्यंत पुरावे आणि पहिले तीन उन्हाळे ते मडके कोण भरणार, हे लावण्याच्या आधी ठरवावे. वृक्षारोपणाच्या फोटोत पुष्कळ माणसे असतात. मडके भरायला एकच लागतो, पण तो नक्की लागतो. पारावर फरशी घालताना बुंध्याभोवती चारी बाजूंना किमान तीन फूट माती उघडी ठेवावी. बुंध्याला चिकटवून सिमेंट केलेले कितीतरी पार मी पाहिले आहेत, जिथे बसायची सोय पक्की झाली आणि सावली वाळत गेली.

पत्र्याच्या घराचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे उष्णता वरून खाली ओतली जाते. मार्चअखेर पत्र्यावर किंवा स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले तर ऊन बऱ्याच प्रमाणात परत फेकले जाते. खर्च किरकोळ आणि काम एका सकाळचे. पत्र्याखाली वीतभर पोकळी ठेवून तुराट्यांची किंवा बांबूची तट्टी टांगली आणि दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवली तर आणखी फरक पडतो. चुलीच्या वर मात्र तट्टी लावू नये.

उन्हावरचा फार शहाणा उपाय पाहायचा असेल तर संभाजीनगरच्या पाणचक्कीत भर उन्हाळ्यात जाऊन यावे. डोंगरातून बंदिस्त नळाने आणलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते, आणि त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. दालनात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर उन्हाऐवजी पाणी असते. बाहेर पाणी पडल्याचा आवाज चालू राहतो आणि दळणाचे चाकही त्याच पाण्यावर फिरायचे. एकाच पाण्यातून दळण, गारवा आणि कानाला सुख देणारा आवाज काढणारा तो कारागीर ‘सौंदर्यीकरण’ हा शब्द ऐकून बुचकळ्यात पडला असता.

बसणे

खुर्चीसारखे पाय सोडून बसायचे असेल तर बैठकीची उंची १६ ते १८ इंच आणि खोली १५-१६ इंच असावी. म्हाताऱ्या माणसांना १८ बरी, कारण खालून उठताना गुडघे बोलतात. त्यांच्यासाठी पाठ टेकायला आधार आणि उठताना हात रोवायला बाजूची पट्टीही हवी. पण ही मापे बागेतल्या बाकाची झाली. आपल्याकडे पाचच मिनिटांत माणूस चपला काढून मांडी घालतो, आणि १५ इंचांच्या बाकावर मांडी बसत नाही. ओटा किंवा पार दोन ते अडीच फूट खोल केला तर मांडीही बसते, पानाचा डबा आणि तंबाखूची चंचीही मावते, आणि दुपारी एखाद्याला आडवे होता येते. आडवे कोणी होऊ नये म्हणून बाकांना मध्येच लोखंडी दांडे घालण्याची जी पद्धत शहरांतून आली आहे, ती माझ्या मते आपल्या गावात आणू नये.

उन्हात राहणाऱ्या जागी लोखंडी बैठक नको. सावलीत शहाबादी फरशी गार राहते, स्वस्त पडते आणि मराठवाड्यातल्या कोणत्याही गवंड्याला ती बसवता येते. काळा कडप्पा उन्हात तव्यासारखा तापतो. बैठका सरळ एका ओळीत केल्या तर माणसे टपालाच्या तिकिटांसारखी शेजारी-शेजारी बसतात आणि बोलताना मान मोडते; काटकोनात केल्या तर गप्पा रंगतात.

पायरी सहा इंच उंच आणि बारा इंच रुंद असावी, आणि सर्व पायऱ्या सारख्या असाव्यात. माणूस अंधारात उंच पायरीवर जितका अडखळत नाही तितका वेगळ्या पायरीवर अडखळतो. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी आणि धान्याचा हातगाडा यांसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार ठेवावा. चार फुटांत दोन फूट चढणारा उतार ही केवळ कागद पुरा करण्याची युक्ती आहे.

पाण्याची रांग

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन जलदूत रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या फेरीत दहा टँकर वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. त्या वर्षी ज्यांनी रांगा पाहिल्या, त्यांना सांगायला नको की आपल्या भागात पाण्याची जागा ही बाईच्या दिवसातली फार मोठी जागा आहे. तरीही टाकी बांधताना विचार होतो तो पाण्याचा; भरणारीचा होत नाही.

पंधरा लिटरची घागर भरली की भांड्यासह सोळा-सतरा किलो होते. नळ जमिनीपासून दोन फुटांवर असेल तर ती जमिनीवरून कमरेपर्यंत आणि तिथून डोक्यावर, अशी दोनदा उचलावी लागते, आणि पाठीला इजा करणारी उचल पहिली असते. म्हणून नळाखाली अडीच फूट उंचीचा, फूटभर रुंद ओटा करावा आणि नळाची तोटी त्या ओट्यापासून सव्वा ते दीड फूट वर ठेवावी. घागर ओट्यावर भरेल आणि तिथूनच कडेवर किंवा डोक्यावर जाईल. बाजूला लहान मुलांसाठी आणि ड्रम भरणाऱ्यांसाठी एक खालचा नळ असावा. रांग जिथे लागते तिथे सावली, आणि सांडलेले पाणी जिथे जाते तिथे झाड किंवा शोषखड्डा हवा.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेऊन सांडपाणी रस्त्यावरून हटवले आणि गाव डासमुक्त करून दाखवले. पुढे ती पद्धत नांदेड पॅटर्न म्हणून ओळखली गेली. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडांची भर, एवढाच तो प्रकार आहे. फक्त काळ्या मातीत खड्डा खणून थांबू नये. ती माती पाणी धरून ठेवते. मुरूम लागेपर्यंत खाली जावे, नाहीतर महिन्याभरात खड्ड्याचे डबके होते.

घरातली भाकरी

सार्वजनिक जागांविषयी आपण निदान भांडतो तरी. घरातल्या चुकीच्या मापांशी बायका आयुष्यभर निमूटपणे जुळवून घेतात. स्वयंपाकाचा ओटा सरसकट ३३-३४ इंचांचा केला जातो. पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर जमिनीपासून साधारण ३८ इंचांवर येतो. भाजी चिरायला कोपराखाली चार इंच पृष्ठभाग चालतो, पण भाकरी थापताना हाताने वरून दाब द्यावा लागतो, म्हणून परातीचा तळ कोपराच्या सहा-सात इंच खाली, म्हणजे ३१ इंचांच्या आसपास हवा. ३४ इंचांच्या ओट्यावर परात ठेवली की बाई दोन्ही खांदे कानाकडे उचलून थापते, आणि दहा-बारा भाकऱ्यांनंतर मानेच्या मागे जी कळ येते, तिचे खापर वयावर फोडले जाते. लाकडी काठवट असेल तर तिच्या जाडीने दीड-दोन इंच आणखी वाढतात.

म्हणून गवंडी ओट्याच्या विटा रचू लागायच्या आधी जी रोज भाकरी करते तिला उभे करून, कोपर वाकवून माप घ्यावे. दोघी करत असतील तर भाकरीचा कोपरा बुटक्या बाईच्या मापाने करावा आणि बाकीचा ओटा दोन-तीन इंच उंच ठेवावा. ओटा आधीच झालेला असेल तर पायाखाली अडीच-तीन इंचांचा रुंद, न हलणारा पाट ठेवावा. अगदी साधा उपाय आहे. माझ्या घरी तो सुचायला अकरा वर्षे लागली, आणि सुचला तोही मला नव्हे.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांत ढेलजेपासून (दारालगतच्या बैठकीपासून) परसापर्यंत रोजच्या सुखाची बरीच सोय होती. आल्यागेल्याला बसायला ढेलज, पाहुण्याला न ओलांडता येणारी मर्यादा, जाड भिंतींचा गारवा आणि माळवदाच्या झरोक्यातून उतरणारा उजेड. पण या आठवणी काढताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात ज्या भिंती कोसळल्या त्या याच जाड दगडी भिंती होत्या. त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड नव्हते, आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे होते. त्यानंतर जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देऊन गावेच्या गावे नव्या जागी वसवली गेली. घरे सुरक्षित झाली, पण अनेक वसाहती सरळ रस्त्यांच्या आणि ओळीने मांडलेल्या घरांच्या असल्यामुळे गल्लीतली सावली आणि दारातली उठबस मागे राहिली, आणि लोकांनी पुढे स्वतःच पत्रे, मांडव आणि ओटे जोडून ती परत आणली. घाईच्या काळात निवारा आधी बघावा लागतो, यात वाद नाही. आज मात्र नवे घर बांधताना सुरक्षित चौकट आणि दारापुढचा ओटा या दोन्ही गोष्टी एकाच नकाशात बसतात. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आखणी करताना, रस्ता आणि घर यांच्या मधल्या ओट्याला मुद्दाम जागा ठेवली होती. चार फुटांचा ओटा वाहन लावायच्या जागेसाठी कापला जातो तेव्हा घराचा शेजार कापला जातो, एवढे ध्यानात ठेवून मग काय ते ठरवावे.

थांबावे लागते अशा जागा

दवाखाना, तलाठ्याचे कार्यालय, बँक, रेशनचे दुकान. इथे बैठकीइतकाच महत्त्वाचा असतो तो अंदाज: आपला नंबर कधी येईल? हे कळले की माणूस चहा पिऊन येतो. न कळले तर दारातच दाटी करतो. फळ्यावर खडूने चालू क्रमांक लिहिला तरी काम भागते. रुग्ण बसतात तिथली खिडकी झाडाकडे उघडावी. संशोधक रॉजर उलरिख यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून १९८४ मध्ये दाखवून दिले, की ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

पक्के करण्याआधी कच्चे

सिमेंट ओतण्यापूर्वी निदान एक पंधरवडा तीच रचना कच्च्या सामानाने उभी करून वापरू द्यावी. ओट्याच्या जागी दोन बाजा टाकाव्यात, भिंतीच्या जागी तुराट्यांची ताटी बांधावी, छपराच्या जागी हिरवी जाळी ताणावी, उताराची आणि पायऱ्यांची कड चुन्याने आखावी. दर सकाळी बाज कुठे सरकवलेली आहे ते पाहावे, आणि ती जागेवर परत ठेवण्याचा मोह टाळावा. सातव्या-आठव्या दिवशी ती जिथे स्थिरावते तिथे ओट्याची जागा असते. लोक हसतील, ‘सायेब, हे काय मांडून ठिवलंय?’ असे विचारतील. विचारू द्यावे, कारण हसता-हसता ते बाज सरकवतातच.

मग बांधकाम. काळ्या मातीवर थेट ओटा बांधला तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत ओटा मधोमध तडकतो. मुरूम लागेपर्यंत खणून, मुरमाचीच भर घालून, धुम्मसाने बसवून मग चिरेबंदी करावी. दिवा डोळ्यांवर येणार नाही आणि पायरीवर उजेड पडेल अशा बेताने, वर टोपी घालून लावावा. बायकांच्या स्वच्छतागृहाचे दार पाराच्या समोर येऊ देऊ नये; आले तर ते वापरात राहत नाही आणि पुढे त्यात खताची पोती ठेवली जातात.

देखभालीसाठी समिती नेमण्यापेक्षा जागेचा रोज उपयोग होणाऱ्या एका माणसाला ती जोडून द्यावी, म्हणजे चहाच्या टपरीला पाराजवळ जागा आणि त्या बदल्यात झाडलोट, असा काही व्यवहार. संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत करून दिले, यात मला हेच आवडते: रोजच्या पिठाशी जोडलेली गोष्ट विसरली जात नाही.

वर्षभराने पुन्हा वही

तोच महिना, त्याच चार वेळा. फरशीची कोणती कड गुळगुळीत झाली, कोणता कोपरा पिचकाऱ्यांनी रंगला, बाया आल्या का, मुले कुठे चढून बसतात, हे लिहावे आणि जिथे झिजले आहे तिथे पुढचा पैसा घालावा.

सुरुवातीच्या त्या थांब्याला फार काही लागणार नाही. सकाळी ऊन पूर्वेकडून येत असल्यामुळे आतला भाग तेव्हा चांगला चालतो. दुपारसाठी त्याच मागच्या भिंतीला बाहेरून दोन फूट खोल ओटा करावा, आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला रस्ता दिसावा म्हणून भिंतीत बसल्या नजरेच्या उंचीवर लांबट झरोका पाडावा. मी हे कागदावर काढून दिले आहे. अजून काम झालेले नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र कोणीतरी भिंतीमागे दोन दगडांवर एक कोपरा उडालेली शहाबादी फरशी आणून ठेवली. मी टेपने तिची उंची मोजली. सोळा इंच भरली.